कपाळावरचे तीन ठिपके

पाकिटात आठ फोटो होते. चार-चारच्या दोन ओळी, प्रत्येक फोटो पस्तीस बाय पंचेचाळीस मिलीमीटर, मागे फिकट राखाडी रंग. आठही फोटोंत ज्योत्स्ना उईके होती आणि तिच्या कपाळावरचे गोंदणाचे तीन ठिपके आठपैकी एकाही फोटोत नव्हते.

कारंजा बसस्टँडसमोरच्या स्टुडिओत तिने ते पाकीट काउंटरवर उपडं केलं.

"काऊन वो पोरी, आवडले नाई काय?" पुंडलिकरावांनी चष्मा पुसत विचारलं.

"मुंबईच्या व्हिसाच्या खिडकीवरून अर्ज वापस आला, काका. पासपोर्टात ठिपके आहेत, फोटोत नाईत. चेहरा बदलवला म्हणते."

"अवं, मी तं सगळ्याइलेच उजळ करून देतो! माया फोटोवर एकवीस पोरींची लग्नं जमली."

"मले जर्मनीसंग लग्न नाई करायचं."

बाकावर बसलेली तिची आई सखू फिस्सकन हसली आणि तिने लगेच पदर तोंडाला लावला. परवा सकाळी दहाला पुन्हा मुंबईची तारीख होती. जर्मनीतल्या दवाखान्याचं नोकरीचं पत्र महिनाअखेरीपर्यंतच चालणार होतं, म्हणजे ही तारीख हुकली की सगळंच हुकलं.

तिकडे राहण्याच्या परवान्याचे तिच्यापुढे दोन मार्ग होते. नागपूरचा एजंट म्हणाला होता, शिकाऊ म्हणून जा ताई, सोपं पडते. तीन वर्षं शिकायचं, मग नर्स. दुसऱ्या मार्गात हातातली नर्सिंगची पदवी तिकडच्या लोकांकडून मान्य करून घ्यायची होती. कागद जास्त, परीक्षा अवघड. ज्योत्स्नाने नियम छापून आणून दोनदा वाचले. सहा वर्षं ऑपरेशनच्या पेशंटांजवळ रात्री काढल्यावर मी आता नाडी मोजाले नव्यानं शिकू काय, असं एजंटला विचारून तिने दुसऱ्या मार्गाचा अर्ज स्वतः भरला. आणि तो अडला फोटोवर.

"पुसलं तं पुसलं," सखू बाकावरून हळूच म्हणाली. "पासपोर्टच बदलवता येत नाई काय? मीच तुले आष्टीच्या बाजारात गोंदवलं. तवा काय माहीत, तू एवढी दूर जाशीन."

"माय, तिथं मले कोनी ओळखत नाई. मी कोन आहो, ते हा कागदच सांगन. त्या कागदावर मी दुसरी बाई काऊन बसवू?"

सखूने हातावरच्या गोंदणावरून उगीच बोट फिरवलं.

पुंडलिकरावांनी दिवे लावले, फोटो काढला आणि ते कॉम्प्युटरपुढे बसले. ज्योत्स्ना काउंटर ओलांडून त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. तीस वर्षांची सवय. त्यांचा हात आपसूक उजळ करायच्या खुणेकडे गेला.

"हात काढा, काका."

"अवं, थोडंसंच. लाइटच कमी हाये."

"लाइट बरोबर आहे. मीच एवढी काळी आहो."

"गालावरचा फोडाचा डाग तरी..."

"तोही माहाच हाये. राहू द्या."

पुंडलिकराव तिच्याकडे वळले. मग त्यांनी माऊस सोडला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "घे. तूच दाब बटन."

तिने दाबलं. प्रिंटरमधून कागद आला तसा सखूने तो दोन बोटांत धरून दारातल्या उन्हात नेला. बराच वेळ पाहिला. मग तिचा मोकळा हात स्वतःच्या कपाळाकडे गेला.

"पट्टी द्या, काका," ज्योत्स्ना म्हणाली.

तिने आईच्या हातातून कागद घेतला, काउंटरवर सपाट केला आणि पट्टी लावली. नियमात चेहऱ्याची उंची बत्तीस ते छत्तीस मिलीमीटर होती. हनुवटीपासून डोक्यापर्यंत भरली चौतीस. ठिपके तीन, एकमेकांपासून एक-एक मिलीमीटर.