आयचं लाल लुगडं

आमच्या आयनं, म्हणजे सासूबाईंनी, ट्रंकेत एक लाल लुगडं जपून ठेवलं होतं. मेल्यावर नेसवायला. ते मी बाहेर काढायला लावलं. माझीच अक्कल.

भुईगावातली आमच्या वाडीची विहीर टँकरवाले रोज उपसत होते. वर्षभरात पाणी खारट झालं, केळीची पानं करपली. आम्ही रस्त्यावर बसायचं ठरवलं, तेव्हा टीव्ही चॅनलचा बातमीदार मितेश फोनवर म्हणाला, "रोवेनाताई, म्हाताऱ्या बायकांना पारंपरिक वेशात आणा. नाहीतर वरचे बातमी घेत नाहीत."

"ते मातीत जायचं हाय गो," आय म्हणाली.

"एकदाच नेस. विहिरीसाठी."

नेसली. ब्याऐंशी वर्षांची बाई चार तास उन्हात टँकरसमोर बसली. मितेशच्या माइकपुढे विहिरीची सगळी कहाणी सांगितली. घरी येऊन लुगडं त्याच खाऱ्या पाण्यात धुतलं. दुसरं पाणी होतं कुठे?

संध्याकाळी सगळी वाडी टीव्हीपुढे जमली. आय अर्धा मिनिट दिसली. मागे बँडचं संगीत, खाली पट्टी: 'वसईची रंगीबेरंगी परंपरा'. पाण्याबद्दल चकार शब्द नाही.

"पान्याचं बोलले ते कुठं गेलं?" आयनं विचारलं. मितेशला नाही, मला.

"मी पाठवलं होतं, ताई. वर कापलं," मी फोन केल्यावर मितेश म्हणाला. खरंही असेल. मला त्याची कीव आली नाही.

चार महिन्यांनी आय गेली. लुगडं नेसवायला उलगडलं, तर त्यावर खाराचे पांढरे डाग. ते हातानं चोळता चोळता मी ढसाढसा रडले.

शवपेटी अंगणात असताना मितेश कॅमेरा घेऊन आला. मान खाली घालून म्हणाला, "ताई, आंदोलनातल्या आजी गेल्या म्हटल्यावर आज नक्की घेतील. पाण्याचंही घेतील. फक्त चेहरा दोन मिनिटं दाखवू द्या."

वाडी माझ्याकडे बघत होती. आयनं कदाचित हो म्हटलं असतं. पण माझ्या शब्दावर ती एकदा कॅमेऱ्यापुढे बसली होती, आणि आता तिला विचारता येत नव्हतं.

आमच्याकडे सगळ्यांनी तोंड पाहिल्यावर, कबरीपाशी झाकण लावतात. मी ते अंगणातच लावलं. मितेश कबरीपर्यंत मागे आला, म्हणून परत उघडलंही नाही. पापडी गावात दिलेली नणंद फ्लोरा उशिरा पोचली. तिला आय दिसलीच नाही. ती अजून माझ्याशी बोलत नाही.

बातमी आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला आणि विहिरीवर मोटर लागली.