निळ्यावर पिवळा

प्रयोगशाळेत नेवेनाने तपासणीला आलेल्या दोन बहिणींपैकी धाकटीचा पिवळा पट्टा ओढून थोरलीच्या निळ्या पट्ट्यावर आणला आणि माऊस सोडला. पडद्यावर सगळं हिरवं झालं.

ती तशीच बघत राहिली. एकाखालून दुसरा दिसावा म्हणून तिने रंग मुद्दाम विरळ ठेवले होते. सख्ख्या बहिणींचं बरंचसं जुळणारच, तिथे हिरवं दिसणारच. पण जिथे जुळत नाही तिथे निळी नाहीतर पिवळी कड बाहेर डोकवायला हवी होती. नेवेना डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली, जनुकांच्या नकाशाच्या दुसऱ्याच टोकाला जाऊन आली. एकच फाईल आपण दोनदा उघडली असणार, असं मनाशी म्हणत तिने तेही तपासलं. फायली दोन होत्या, यंत्रावर वेगवेगळ्या दिवशी चढलेल्या. पट्ट्यांच्या कडांची बारीक कुरतड तेवढी निराळी होती, एकाच चेहऱ्याचे दोन फोटो काढल्यावर असते तशी. चेहरा एकच होता.

हे चित्र डॉक्टर गेरोव्ह यांना हवं होतं. घरच्यांना एका नजरेत कळावं म्हणून त्यांनी सगळ्या कुटुंबाचे पट्टे एकाच रांगेत, एकावर एक मागितले होते. तोवर ते एकाखाली एक, आपापल्या रांगेत बसले होते, आणि तसे ते कुणालाच खटकले नव्हते. गेल्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाने गेलेल्या आईच्या लाल पट्ट्यात एका जागी खड्डा होता. जनुकाचा तेवढा तुकडाच तिच्यात नव्हता. थोरली मिन्का आणि धाकटी झ्लातिना या तिच्या दोन्ही मुलींचे पट्टे त्या जागी सपाट निघाले, आणि दोघींना धोका नाही असं लेखी कळवलंही होतं. मिन्काची मुलगी याना इथेच प्लोवदिवला शिकायला होती. आई सुटली म्हणजे आपणही सुटलो, आता आपली तपासणी कशाला, म्हणत ती नाचत आली होती आणि सगळ्यांचं तोंड गोड करून गेली होती. चॉकलेटचा तो डबा अजून कपाटावर होता. त्यातलं एक नेवेनानेही खाल्लं होतं.

कारण एकीचं रक्त दोनदा वाचलं गेलं होतं. दुसरीचं वाचलंच नव्हतं.

गेरोव्हनी चित्र पाहिलं आणि रक्त घेणाऱ्या स्तान्काबाईंना बोलावून घेतलं. एकीच्याच नळ्यांवर दोघींची नावं चिकटवली असणार, दुसरं काय, असं ते म्हणाले. म्हातारपणी डोळे जायचेच, पण डोळे गेले तर घरी बसावं, असंही म्हणाले. स्तान्काबाईंची निवृत्ती वर्षावर आली होती. त्या नंतर पुसलेलंच टेबल पुन्हा पुन्हा पुसत राहिल्या, आणि नेवेनाला त्यांच्याकडे बघवेना.

दोघी बहिणींना ताबडतोब या म्हणून निरोप गेला. मिन्काने फोन उचललाच नाही. झ्लातिना डोंगरातल्या स्मोल्यानहून बसने एकटीच आली. स्टँडवर तिला घ्यायला याना गेली होती. याना बाहेर व्हरांड्यात फोनवर मैत्रिणीशी खिदळत बसली, आणि झ्लातिना आत आली. अंगाने भरलेली, भाजलेल्या ब्रेडच्या वासाची बाई. बेकरीत कामाला होती.

नेवेनाने आधी माफी मागितली. मग पडदा तिच्याकडे वळवला, चूक आमच्याकडे झाली, ताजं रक्त घ्यावं लागेल, तुमच्या ताईंचंही, असं सांगितलं. झ्लातिनाने त्या हिरव्यावर बोट ठेवलं.

"यातली मी कुठली?"

"पिवळी. म्हणजे नाव तुमचं आहे. रक्त कुणाचं, ते यावरून नाही सांगता येत."

झ्लातिनाने बाही वर केली. स्तान्काबाई रक्त घ्यायचा रबरी पट्टा घेऊन आल्या आणि तिच्या दंडाला बांधू लागल्या. पण गाठच बसेना. त्यांनी ओशाळून तिची क्षमा मागितली. म्हणाल्या, मागच्या वेळी माझ्याच हातून गोंधळ झाला म्हणतात, मला तर काही आठवत नाही, पोरी.

"राहू द्या, स्तान्काबाई," झ्लातिनाने दंडावरचा पट्टा सोडला. "तुमच्या हातून काही झालेलं नाही. माझ्या नावाचं तुम्ही उजव्या हातातून घेतलंत. ताईच्या नावाचं डाव्यातून."

स्तान्काबाई जवळच्या स्टुलावर बसल्या.

मग झ्लातिनाने सगळं सांगितलं. खाली बघत, एका दमात. मिन्का डोंगर उतरायलाच तयार नव्हती. आईचं जे पाहिलं तेवढं पुरे, माझ्यात काय आहे ते मला कळायला नको, म्हणत होती. आणि याना ऐकत नव्हती, तपासून घे म्हणून रोज आईला फोन करून रडत होती. दोघींच्या मधे हिचा जीव कातावला. तोंडावळा सारखाच, ओळखपत्रावरचा फोटो जुना. दुपारच्या गर्दीत केस मोकळे सोडून, ताईचा कोट घालून ही दुसऱ्यांदा रांगेत उभी राहिली.

"मला वाटलं, माझ्यात खड्डा निघाला तर दोघींच्या नावावर निघेल, आणि ताईला यावंच लागेल. नाही निघाला तर घरात शांतता होईल. याना स्वतःलाही सुटली समजेल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. ती डबा घेऊन इथे आली, तेव्हा आलं."

"तिला माहीत आहे?"

झ्लातिनाने नकारार्थी मान हलवली. नेवेनाला तिचा राग यायला हवा होता. आला तो फक्त कळवळा. तिने पिवळा पट्टा निळ्यावरून उचलून पुन्हा खालच्या रांगेत ठेवला. दोन पट्टे, दोन नावं, दोन्ही सपाट. आता निळ्यावरचं नाव खोडायचं होतं, आणि मग मिन्काचा असा पट्टाच उरत नव्हता.

दार ढकलून यानाने डोकं आत घातलं.

"मावशी, झालं का गं? आणि हे काय, माझा डबा अजून संपवला नाहीत तुम्ही?"

ती हसत आत आली, टाचा उंचावून कपाटावरचा डबा काढला आणि एक चॉकलेट सोलून तोंडात टाकलं. झ्लातिनाने दंडावरची बाही खाली ओढली आणि शेजारची खुर्ची आपल्याकडे सरकवली.

"इथे बस," ती म्हणाली. "ते आधी खाऊन घे."