नालीचा उतार

मुकुटबनच्या पुढे डांबरी सडक सोडली की कपाशीच्या वावरांमधून हिवरदऱ्याला रस्ता जातो. गाव लहान, शाळा त्याहून लहान. चौथीपर्यंतचे वर्ग, दोन खोल्या आणि दोनच शिक्षक: मुख्याध्यापक यज्ञेश्वर सर आणि शाल्मली मॅडम. शाल्मली यवतमाळची. वडील सरकारी कचेरीत, आजोबाही कचेरीतच. घरात मातीशी संबंध आला तो तुळशीच्या कुंडीपुरता. पण पोरांना काही हाताने करून दाखवल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. यज्ञेश्वर सर निवृत्तीला आलेले, सरळमार्गी माणूस. ते म्हणायचे, "मॅडम, करा बाप्पा काय कराचं ते. फक्त गावात बोंब नाई झाली पायजे."

शाळेचं एक जुनं दुखणं होतं. पावसाळ्यात अंगणात पाणी साचायचं आणि आठ-आठ दिवस हलायचं नाही. पोरं चपला हातात घेऊन वर्गात यायची. गेल्या श्रावणात बंटी खिचडीची थाळी घेऊन त्या पाण्यात सपशेल आडवा झाला होता, आणि हसावं की रडावं हे त्यालाच कळेना. यंदा कुठे पंचायतीने नाली मंजूर केली. शाळेच्या फाटकापासून हातपंपावरून, सरपंच भगवानरावांच्या गोठ्याला लागून, थेट गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत. दिवाळीआधी इंजिनीअर येऊन चुन्याची रेघ मारून गेले होते. मार्चच्या आत काम उरकायचं होतं.

जानेवारीत शाल्मली चौथीला शिकवत होती, की पाणी उताराकडे वाहतं. खुशी उभी राहिली. बारीक अंगाची, दोन घट्ट वेण्यांची पोरगी; बोलायची कमी, पण एकदा धरलेलं सोडायची नाही.

"मॅडम, उतार डोयाले दिसतच नसन, त मंग कसा समजते?"

पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. शनिवारी शाल्मलीने मुकुटबनच्या हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक पाइपचं लांबलचक भेंडोळं आणलं. गवंडी वापरतात तसलं. पाइपात पाणी भरलं, एक टोक खुशीच्या हातात दिलं, दुसरं बंटीच्या. बंटीला राहवलं नाही. तो टोक घेऊन पायऱ्या चढला आणि इकडे पाइपातलं पाणी खुशीच्या तोंडावर उडालं. सगळा वर्ग लोळून हसला. पण त्या हसण्यातच पोरांना कळलं की पाइप कसाही वळवा, दोन्हीकडचं पाणी एकाच उंचीवर राहू पाहतं. मग दोन सारख्या काठ्यांवर पट्टीने रेघा आखल्या, काठ्यांना पाइपची टोकं बांधली. ज्या काठीवर पाणी खाली दिसेल, तिथली जमीन वर. हे उलटं गणित खुशीने सगळ्यांच्या आधी पकडलं.

"मॅडम, नालीचा उतार मोजू ना आपण!"

निघाली वरात. फाटकाशी एक काठी, हातपंपाशी दुसरी. पाणी स्थिर झालं, पोरांनी वाचलं आणि एकच कल्ला झाला. हातपंपाजवळची जमीन फाटकापेक्षा चांगली वीतभर वर! म्हणजे नाली खोदली तर पाणी उलटं शाळेतच येणार. चौथीच्या पोरांनी केवढी मोठी गोष्ट शोधली, असं शाल्मलीला वाटलं. त्या आनंदात पुढचं मोजायचं कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

"इंजिनीअरनं रेघ मारली आहे," यज्ञेश्वर सर म्हणाले. "आपण कायले पडाचं त्याच्यात?"

"सर, मुलांनी मोजलंय."

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं आणि तिथेच मैदानात ग्रामसभा बसली. नालीचा विषय निघाला तशी खुशी उठली आणि न अडखळता बोलली. माणसं चकित होऊन ऐकत होती. सरपंच भगवानराव मिशीत हसले. कामाचा ठेका घेतलेला पूनमसिंग मिस्त्री जवळच्या तांड्यावरचा. तो मागे उभाच होता.

"पूनमसिंग, आण रे तुहा पाइप. पाहू पोट्टी काय म्हणते ते."

पूनमसिंगने सगळ्यांदेखत पाइप लावला. हातपंपाजवळची जमीन दोन बोटं खालीच निघाली. उतार बरोबर होता. गर्दीत हशा पिकला.

"मॅडम," भगवानराव म्हणाले, "पोट्ट्याइले पाढे शिकवा. नालीचं आमी पाहून घेऊ."

खुशी खाली बसली आणि सभा संपेपर्यंत तिने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. यज्ञेश्वर सर नुसते म्हणाले, "तो पाइप कपाटात टाका आता." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. टाकावा कपाटात, तिलाही वाटलं. पुस्तक उघडावं, पुढचा धडा घ्यावा. कोणी नाव ठेवणार नव्हतं. ती भेंडोळं उचलायला वाकली, तेवढ्यात खुशीचा आवाज आला.

"मॅडम, आपलं काहून चुकलं?"

शाल्मली भेंडोळं हातात घेऊन खुशीकडे वळली. पोरगी रडत नव्हती, रुसली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मला माहीत नाही," शाल्मली म्हणाली. "पण शोधू. आजच."

काठ्या बाजूला ठेवल्या. आधी पाइपच तपासायचा ठरला. दोन्ही टोकं अगदी शेजारी शेजारी धरली. इथे तर पाणी सारखंच दिसायला हवं. दिसलं नाही. एका टोकात वर, दुसऱ्यात वीतभर खाली! बंटी पाइपच्या कडेकडेने रांगत गेला, डोळे लावून लावून पाहिलं, काही सापडेना. मग वर्गातली सलोनी म्हणाली, पाण्यात कुंकू टाकलं तर? शेजारच्या घरून चिमूटभर कुंकू आलं. लाल पाणी पाइपात सरकलं आणि भेंडोळ्याच्या मधल्या वळशात जागा कोरीच राहिली. वीतभराहून लांब, पांढरीफटक.

"हवा हाये! हवा घुसली व मॅडम!"

बादली खिडकीत उंच ठेवून त्यांनी पाइप पुन्हा भरला, अगदी हळूहळू, टिचक्या मारत, सगळी हवा निघेपर्यंत. टोकं शेजारी धरली. लाल पाणी दोन्हीकडे एका रेघेत उभं राहिलं. तेव्हा कुठे खुशी हसली.

पुन्हा फाटक, पुन्हा हातपंप. दोन बोटं खाली. मिस्त्रीचं बरोबर होतं.

"म्हणजे सरपंच जितले," बंटी म्हणाला. "झालं."

"कुठं झालं?" खुशी त्याच्यावर उखडली. "पुढचं त आपण मोजलंच नाई."

शाल्मलीला ते पटलं. हवा पाइपात होती हे खरं, पण मनासारखं उत्तर मिळताच थांबलो, ही चूक तिची होती. तिने काठी उचलली. हातपंपापासून पुढे सरकत सरकत सगळे भगवानरावांच्या गोठ्यापाशी आले. तिथे चुन्याची रेघ दिसेनाशीच झाली होती. ट्रॅक्टर गोठ्यापर्यंत नेता यावा म्हणून भगवानरावांनी दिवाळीनंतर तिथे मुरूम टाकून रस्ता चांगला उचलून घेतला होता. पोरांनी काठी उभी केली. मुरमाचा माथा हातपंपापेक्षा वीतभराहून जास्त वर. या वेळी कोणी ओरडलं नाही. काठ्या बदलून मोजलं. माणसं बदलून मोजलं. सलोनीच्या गटाने वेगळं मोजलं. उत्तर तेच. सगळीकडे सारखीच खोल नाली काढली तर पाणी इथे अडणार आणि मागे मागे फुगत शाळेत शिरणार.

यज्ञेश्वर सरांनी ते ऐकून चष्मा काढला. "मॅडम, गेल्या टायमाले हसले. आता त्याइच्याच मुरमावर बोट ठेवलं त चिडतीन."

"चिडू द्या, सर. पावसाळ्यात पाण्यात उभं आपल्याला राहायचं आहे."

सरांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "आधी मले दाखवा." गुडघे कुरकुरत असताना ते मुरमावर उकिडवे बसले, स्वतः वाचलं, टोकं बदलायला लावून परत वाचलं. उठले, धोतराची धूळ झटकली आणि म्हणाले, "चला. मीबी येतो."

भगवानराव गोठ्यापुढे खाटेवर चहा पीत होते. एवढी फौज पाहून त्यांनी कप खाली ठेवला.

"सरपंच साहेब, पहिलं म्हणजे ग्रामसभेत आम्ही चुकलो होतो," शाल्मली म्हणाली. "आमच्या पाइपात हवा होती. मुलांनीच शोधून काढली."

"बरं मंग?"

"आता नीट मोजलं. अडचण हातपंपाजवळ नाही. इथे आहे."

भगवानरावांनी आपल्या पायाखाली पाहिलं. चेहरा तांबडा झाला. "हा मुरूम म्या माह्या घरचा टाकला. आताबी हवाच असन तुमच्या पाइपात."

"आबाजी," खुशी पुढे झाली आणि काठी त्यांच्यापुढे धरली, "तुमीच धरा ना."

पोरीला नाही कसं म्हणणार? त्यांनी काठी धरली. बंटी दुसरी घेऊन हातपंपाकडे पळाला. लाल पाणी डुलत डुलत थांबलं. भगवानरावांनी वाचलं, टोकं बदलायला लावली, पुन्हा वाचलं. तेवढ्यात पूनमसिंगही आला. त्याने आपल्या पाइपने मोजून मान हलवली.

"बराबर हाये भाऊ. मुरूम काढा लागन."

"अन् माहा ट्रॅक्टर कुठून जाईन? तुह्या डोक्शावरून?" भगवानराव काठी फेकून आत निघून गेले.

शाल्मलीने काठी उचलली. "उद्या येतो आम्ही!" ती आतल्या अंधाराला उद्देशून मोठ्याने म्हणाली.

आणि ते खरंच आले. परिसर अभ्यासाचा तास रोज गोठ्यापुढे भरू लागला. पोरांनी तिथल्या मातीत बोटभर रुंदीची नाली कोरली, हातपंप केला, गोठा केला, मुरमाचा उंचवटा केला. लोट्याने पाणी सोडलं की ते उंचवट्याशी थांबायचं आणि मागे वळून मातीची शाळा बुडवायचं. जाणारे-येणारे उभे राहायचे. बाया डोक्यावरचे हंडे सावरत पाहायच्या आणि आपसात बोलायच्या. भगवानराव दाराआडून एकदा पाहायचे, खाकरायचे, आत जायचे. एक दिवस ते वैतागून बाहेर आले.

"अवं मॅडम, माह्या गाई बिचकून राह्यल्या तुमच्या शाळेनं!"

"आबाजी," बंटी मातीतून वर न पाहता म्हणाला. तो उंचवट्याच्या पोटातून पपईच्या पानाचा पोकळ दांडा आरपार खुपसत होता. "सडकेखालून कसा सिमेटचा पाइप जाते, तसा टाकला त? वरून तुमचा ट्रॅक्टर, खालून पाणी."

त्याने लोटा ओतला. पाणी दांड्यात शिरलं आणि पलीकडून निघालं. मातीची शाळा कोरडी राहिली. भगवानराव वाकून पाहत राहिले. मग पूनमसिंगला हाक मारली. "हे पोट्टं काय म्हणते, जमते का रे?"

"जमते ना भाऊ. मुरूम नाई काढा लागत. जरा खोल गेलं का झालं."

"मंग पयलेच काहून नाई सांगितलं?"

पूनमसिंगने बंटीकडे पाहिलं. "पयले सुचलंच नाई."

फेब्रुवारी सरता सरता नाली झाली. जूनच्या पावसापर्यंत वाट पाहायची पोरांची तयारी नव्हती. सगळ्यांनी हातपंपावर रांग लावली आणि बादल्या भरभरून फाटकाशी ओतायला सुरुवात केली. यज्ञेश्वर सर स्वतः पंप हापसत होते, सदरा पाठीला चिकटला होता. पाणी हातपंपापर्यंत गेलं, पुढे सरकलं, आणि गोठ्याच्या अलीकडे येऊन थांबलं. पोरांचे चेहरे उतरले. खुशीने चप्पल काढली, नालीत उतरली, हाताने तळ चाचपला. "इथं सिमेट जास्त झालं, मिस्त्रीबाबा." पूनमसिंगने थापीने तेवढा ओला भाग खरवडून काढला.

"अजून बादल्या आणा!" शाल्मली ओरडली. तिची साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती. पोरं धावली, बादल्या आल्या, पाणी पुन्हा हललं आणि मुरमाखालच्या काळोख्या पाइपात शिरलं. सगळे पलीकडच्या तोंडाकडे धावले.

पलीकडून पोरांच्याही आधी एक भरदार आवाज आला. भगवानराव धोतर सावरत पाइपच्या दुसऱ्या तोंडाशी उकिडवे बसले होते, दोन्ही हात पाण्यात घालून.

"आलं! मॅडम, आलं न! पळा रे, नाल्याकडं पळा!"