बायका घरीच असतात

सकाळी साहेब डबा घेऊन बाहेर पडले की त्या घराच्या खिडक्या एकामागून एक लागत. बाहेर कितीही उकडत असो, सासूबाई स्वतः प्रत्येक कडी ओढून बघत, पडदे सारखे करत आणि मग म्हणत, "हं, काढा आता." मग वहिनी पलंगाखालचं पोतं बाहेर ओढी. त्यात बुटांचे कापलेले वरचे भाग असत. नणंद बेबी चिकटवायच्या सोल्युशनच्या डब्याचं झाकण चमच्याने उचकटी आणि तो गोडसर, उग्र वास खोलीभर पसरे. पहिल्या पहिल्यांदा वहिनीचं डोकं त्याने ठणकायचं. आता ठणकत नव्हतं, आणि हे बरं लक्षण आहे असं तिला वाटत होतं.

साहेब म्हणजे वहिनीचा नवरा. हे नाव गल्लीने दिलेलं, कारण ते सांख्यिकी कार्यालयात अधिकारी होते. देशात कोण काय काम करतं आणि त्यातून देशाची किती कमाई होते, याचे तक्ते त्यांच्या टेबलावर तयार होत. देशाचं उत्पन्न मोजणाऱ्या या गृहस्थांच्या पगारात त्यांचं स्वतःचं घर भागत नव्हतं, ही गोष्ट अर्थातच कुठल्या तक्त्यात नव्हती. भागत होतं ते वहिनी आणि बेबीच्या हातांवर. पण घरच्या बाईने कमावलं की पुरुषाचं नाक कापलं जातं, अशी त्या गल्लीची ठाम समजूत होती. काम घरोघरी होतं आणि खिडक्याही घरोघरी बंद होत्या. सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक होतं, पण तोंडातून ब्र काढायची सोय नव्हती.

बेबी ही साहेबांची धाकटी बहीण. लग्नाची झाली तरी नाव बेबीच राहिलं होतं. तोंडाची टकळी अखंड चालू. हात चिकटवत असायचे आणि तोंड गल्लीतल्या प्रत्येकाची नक्कल करत असायचं. त्या दिवशी ती खालून बुटांच्या ठेकेदाराचा माल घेऊन वर आली, तेव्हा तिच्या एकाच पायात चप्पल होती.

"अगं, दुसरी कुठाय?" वहिनीने विचारलं.

बेबीने खाली पाहिलं. "अय्या! पळाली वाटतं." ती खो खो हसत सुटली. वहिनीही हसली. चप्पल जिन्यात तिसऱ्याच पायरीवर पडली होती. ती आणताना मात्र वहिनीच्या मनात आलं, की उघड्या पायाला गार फरशी लागली तरी हिला कळलं कसं नाही?

रविवारी पाहणीवाली मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. साहेबांच्याच कार्यालयाची पाहणी आणि चिठ्ठी निघाली त्यांच्याच गल्लीची, त्यात त्यांचंही घर. साहेबांना मौज वाटली. या मुलींना प्रशिक्षण त्यांनीच दिलं होतं. "बायकांना विचारत बसू नका, दिवस पुरायचा नाही. घरचा कर्ता सांगेल ते लिहा," हा मंत्रही त्यांचाच.

"घरातल्या स्त्रिया काही काम करतात का, सर? घरी बसून केलेलंही धरायचंय या वेळी."

"बायका घरीच असतात," साहेब म्हणाले.

मुलीने नाक किंचित वर केलं. "रंगकाम काढलंय का?"

"दाराला दिलाय हात."

दार तर चांगलं वर्षभर धुतलंही नव्हतं. मुलगी दाराकडे बघत राहिली. "मी ताईंनाच एकदा विचारलं तर चालेल?"

"मी काय वेगळं सांगतोय का?" साहेबांचा आवाज चढला. मुलीने मान खाली घातली आणि टॅबवर बोट टेकवलं. आतल्या खोलीच्या पडद्याआड उभ्या असलेल्या वहिनीला ते बोट दिसलं. एवढ्याशा हालचालीत आपण दोघी त्या घरातून पुसल्या गेलो, असं तिला वाटलं.

पुढच्याच आठवड्यात बेबी मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पडली. उठवली तर पाऊल सरळ होईना, लोंबकळू लागलं. सासूबाईंनी तेल चोळलं. "नीट खात नाही, दुसरं काय," असं पुटपुटत त्या चोळतच राहिल्या. पण त्यांची नजर भिरभिरत होती. बेबीसाठी पाहिलेल्या मुलाकडच्यांचा होकार येऊन पडला होता. पुढच्या बैठकीची बोलणी चालली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या गुडघ्यावर हातोडी मारली. पाय हलला नाही. त्यांनी पुन्हा मारली.

"काम काय करते ही?"

"काही नाही हो," सासूबाई घाईघाईने म्हणाल्या. "घरीच असते."

"रंग, गोंद, कसलं रसायन? हाताळते का काही?"

वहिनीने तोंड उघडलं. सासूबाईंनी तिचं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली. "छे! आमच्यातल्या बायका तसलं काही करत नाहीत."

डॉक्टरांनी ताकदीच्या औषधाची एक बाटली दिली. बेबी ती बाटली हातात धरून बघत राहिली. त्या दिवशी तिने कुणाचीही नक्कल केली नाही.

खिडक्या लागतच राहिल्या. आता बेबी भिंतीला टेकून, पाय पसरून काम करी, कारण माल वेळेवर दिला नाही तर पुढचा मिळत नाही. वहिनीने दोनदा खिडकी उघडली, दोनदा सासूबाईंनी लावली. "समोरच्यांना तमाशा दाखवायचाय का?" आणि मग एके सकाळी अंथरुणातून उठताना वहिनीच्या स्वतःच्याच पायांच्या बोटांना मुंग्या आल्या. तिने पाय झटकले, चोळले, आपटले. मुंग्या गेल्या नाहीत. ती तशीच पलंगाच्या कडेवर बसून राहिली. बेबीचं हसणं, ती हरवलेली चप्पल, डॉक्टरांची हातोडी, सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं.

तिने कुणाला विचारलं नाही. बेबीला रिक्षात घातलं आणि थेट दवाखाना गाठला.

"डॉक्टर, मागच्या वेळी आम्ही खोटं बोललो. आम्ही दोघी बूट चिकटवतो. दारं-खिडक्या लावून. सोल्युशनने."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "त्या वाफेने नसा मरतात, ताई. आजपासून हातही लावायचा नाही. तुमचं थोडक्यात आहे. हिचे पाय..." त्यांनी बेबीकडे पाहिलं. "हळूहळू येतील. पूर्ण येतील असं मी सांगू शकत नाही. मागच्याच वेळी कळलं असतं तर गोष्ट वेगळी होती."

"तुम्ही विचारलं होतंत," बेबी एवढंच म्हणाली.

"तुमच्या भागातून अशा आणखी तिघीजणी आल्यात. तिघीही 'घरीच असतात'. मी वर लिहिलं, तपासणी करा, त्या डब्यांवर बंदी घाला. उत्तर आलं, या भागात असला उद्योग नोंदलेलाच नाही. सरकारी आकडा शून्य आहे."

तो आकडा कुणाच्या टेबलावर तयार होतो, हे वहिनीला सांगावं लागलं नाही.

ती परत आली तेव्हा साहेब घरी होते. तिने सगळं सांगितलं. ते ऐकून साहेब मटकन खाली बसले. बहिणीच्या पायांकडे त्यांना बघवेना. पण वहिनी गॅलरीत गेली आणि अजूनही गल्लीत घरोघर फिरणाऱ्या त्या पाहणीवाल्या मुलीला तिने हाक मारली, तसे ते ताडकन उठले.

"काय करतेस तू? माझ्याच घरची माहिती मी खोटी दिली हे कळलं, तर माझी नोकरी जाईल!"

"आणि हिचं ठरलेलं मोडेल," सासूबाई रडू लागल्या. "सोन्यासारखं स्थळ आहे गं!"

"अहो, तुमची नोकरी माणसं मोजायचीच आहे ना?" वहिनी म्हणाली. "मग आम्ही कोण?"

मुलगी दारात येऊन उभी राहिली. वहिनीने तिला आत बोलावलं, पोतं ओढून मधोमध ठेवलं आणि म्हणाली, "लिहा. मी काम करते. किती वर्षं, किती तास, सगळं विचारा."

मुलीने साहेबांकडे पाहिलं. साहेबांचे ओठ हलले. त्यांनी काही सांगायच्या आत पलंगावरून आवाज आला.

"मलाही धरा त्यात." बेबी भिंतीचा आधार घेऊन बसली होती. "कामाला होते म्हणून लिहा. आणि आता चालता येत नाही, ते कशामुळे, तेही लिहा. दादा, त्याला रकाना नसला तर तू कर."

साहेबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. नाही म्हणण्यासाठी मात्र ते हात त्यांनी काढले नाहीत. मुलगी लिहीत गेली.

लिहून झाल्यावर ती चाचरत म्हणाली, "ताई, एका घराचं कुणी खरं मानणार नाही. चूक म्हणून काढून टाकतील. बाकीच्या घरांतून मला नाहीच सांगतात सगळे."

वहिनीने पदर खोचला. "चला. मी येते."

शेजारचं दार अर्धवट उघडलं. काकू दारातच उभ्या राहिल्या, दोन्ही हात चौकटीला लावून. मुलीचा प्रश्न पुरा होण्याआधीच त्यांचं उत्तर आलं. "आमच्याकडे नाही बाई कुणी काम करत. सून घरीच असते."

आतून तो गोडसर वास येत होता.

"काकू," वहिनीने हळूच विचारलं, "तिचे पाय कसे आहेत?"

काकूंनी मागे वळून आत पाहिलं. मग त्यांचे हात चौकटीवरून खाली आले आणि त्या दारातून बाजूला झाल्या.