चौकटीचा डावा कोपरा

स्वरूपाचे पाय आज एका जागी ठरतच नव्हते. बादलीतलं पाणी बदल, स्पंज पीळ, पुसलेला जोड परत पूस आणि मधूनच टाचा उंचावून शिडीसारख्या घोडीवर चढलेल्या पप्पांच्या हाताकडं बघ, असं तिचं सकाळपासून चाललं होतं.

"ए, मांजरावानी पायात घुटमळू नको," गोकुळ मिस्त्री वरून म्हणाले. "पडलो तर उद्याच्या पंगतीला मला खुर्चीतनं आणाय लागंल."

पंगत म्हणजे कौसल्याकाकूंच्या नव्या घराच्या वास्तुशांतीची. सांगवीतलं अर्धं गाव जेवायला येणार होतं, शिवाय काकूंचं माहेर. अंगणात मांडव चढला होता, आचाऱ्याची पातेली टेम्पोतून धाडधाड उतरत होती. घराच्या दर्शनी भिंतीला चॉकलेटी दगडासारख्या टाईल्स लागून झाल्या होत्या. राहिले होते फक्त मुख्य चौकटीचे वरचे दोन कोपरे, एक डावा, एक उजवा. आणि शिल्लक टाईल्स होत्या तीन. तसल्याच टाईल्स बारामतीच्या दुकानात अजून मिळत होत्या, पण आता आलेला लॉट पिवळसर होता. एक जरी त्यातली लावली तरी भिंतीला ठिगळ दिसलं असतं.

दाराच्या कोपऱ्याला टाईल इंग्रजी एलसारखी कापावी लागते. एक पाय चौकटीच्या उभ्या लाकडाला लागून खाली येतो, दुसरा आडव्या लाकडावर टेकतो. या दोन पायांच्या मधला चौकोन काढून टाकायचा. ऐकायला सोपं! पण सगळी मेख त्या आतल्या कोपऱ्यात असते. टाईल फुटली तर तिथूनच फुटते.

स्वरूपा सणसरच्या शाळेत दहावीला. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती पप्पांबरोबर जायला लागली ती झाडायला आणि पाणी द्यायला. पण डाळजला एका बाथरूमचं काम चालू असताना पप्पा जेवायला गेले आणि हिनं तेवढ्यात सहा टाईल्स कापून ठेवल्या, सहाच्या सहा बरोबर. त्या दिवसापासून तिची मान अशी काही ताठ झाली होती की वर्गातल्या पोरी विचारायच्या, "काय गं, मानंला पट्टा लावलाय का?" पण त्या सरळ कापाच्या टाईल्स होत्या. एल तिनं कधीच कापला नव्हता, आणि आज तिला तोच कापायचा होता.

गोकुळनी पहिली टाईल घेतली. गुण्या, म्हणजे मिस्त्री लोकांचा लोखंडी काटकोन, लावून पेन्सिलीनं खूण केली, कटर मशीननं कापली आणि वर धरली. खालचा पाय चौकटीला घासत होता आणि वर बोट जाईल एवढी फट.

"मिस्त्री, ही कसली फट?" काकू नेमक्या तेव्हाच चहा घेऊन आल्या. "पाल ऱ्हायला येईल की तितं!"

"घासून बसवतो की वैनी."

गोकुळनी टाईल घासायला घेतली. टच्! आतल्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघाली आणि टाईलचे दोन तुकडे त्यांच्या हातात आले.

आता कोपरे दोन आणि टाईल्सही दोनच.

काकूंचं तोंड उतरलं. पप्पांची मान खाली गेली, आणि तेच स्वरूपाला बघवेना. "काकू, पप्पांचं चुकलं न्हाय," ती बोलून गेली. "तुमची चौकटच झुकलीया."

आचाऱ्याची बायकोसुद्धा हातातलं पातेलं तसंच धरून बघायला लागली.

खोटं मात्र नव्हतं ते. चौकट बसवली त्या दिवशी मुहूर्त अकरा-बावीसचा होता. नारळ, हळदीकुंकू, पिवळा दोरा, सगळं तयार, आणि सुतारच उशिरा पोचला. काकूंनी सगळ्यांना नुसतं पळवलं. अकरा वाजून एकवीस मिनिटांनी चौकट उभी राहिली, उभी रेघ तपासायचा ओळंबा मात्र पिशवीतून बाहेर आलाच नाही. पूजा झालेली चौकट परत कोण हलवणार? सात फुटांत सहा सूत, म्हणजे पाऊण इंच, डावीकडं कललेली ती चौकट तशीच सिमेंटात पक्की झाली, आणि शेजारची भिंतही प्लास्टर करताना पोट काढून बसली.

"उद्या वास्तुशांती," काकू सावकाश म्हणाल्या, "आन आज माझी चौकट वाकडी म्हंतीस?"

"पोर हाय वैनी, गेली बोलून."

"पोर हाय तर पाणी दिऊ द्या. त्या मशीनीला हात लावू दिऊ नका तिला. माझ्या दारात बोटंबिटं तुटायला नकोत!" आणि काकू तरातरा आत गेल्या.

गोकुळनी घोडीवरच बसून दुसरी टाईल मांडीवर घेतली, पुन्हा गुण्या लावला, पेन्सिल टेकवली आणि थांबले. पुसली. परत टेकवली.

"पप्पा, गुण्या नका लावू."

"मग काय नुसत्या नजरंनं कापू?"

"चौकट काटकोनात न्हाय, तर काटकोनातली टाईल तिला बसंल कशी? चौकट जशी हाय तसा साचा घेऊ." तिनं टाईलच्या खोक्याचा पुठ्ठा टराटरा फाडलासुद्धा. "आन कोपऱ्यात आधी ड्रिलनं भोक पाडू. काप भोकात येऊन थांबला की चीर पुढं जात न्हाय. मी बघितलंय."

"कुठं बघितलंस? मोबाईलात?"

"व्हय, मोबाईलात! म्हणून काय खोटं असतं का?"

गोकुळनी मांडीवरची टाईल जपून छातीशी धरली. मग घोडीवरून उतरले. "ही फुटली तर कोपरा उघडा ऱ्हाईल, कळतंय का? उद्या येणारा जाणारा विचारंल, मिस्त्री कोण होता. सणसरचा गोकुळ, असं सांगतील."

"कळतंय."

"वैनींनी काय सांगितलं तेबी ऐकलंस."

"ऐकलं."

त्यांनी एकदा दाराच्या आत बघितलं. "ओढणी काढून ठिव. चष्मा घाल. आन घाई केलीस तर मशीन बंद करीन."

स्वरूपा घोडीवर चढली. पुठ्ठा चौकटीला टेकवून तिनं लाकडाच्या कडेकडेनं पेन्सिल ओढली. रेघ सरळ आलीच नाही, मधे जरा फुगली, वर आत गेली. तशीच ठेवली. पुठ्ठा कापून लावून बघितला. मधे थोडा अडला. दुसरा कापला. तो असा बसला की पप्पा नुसतेच "हं" म्हणाले.

साच्यावरून टाईलवर खूण झाली. ड्रिल सुरू झालं. गोकुळ थेंब थेंब पाणी सोडत होते, आणि स्वरूपाला वाटत होतं, जोर लावावा, लवकर संपवावं, काय व्हायचं ते होऊन जावं एकदाचं! तिनं दात आवळले आणि हात हलका ठेवला. भोक पडलं. मग कटर. पांढरा चिखल चष्म्यावर उडत होता. पहिला काप भोकाशी येऊन थांबला. दुसरा काप अर्ध्यात आला आणि कसलासा बारीक आवाज झाला. तिनं कटर मागं घेतला.

"तुकडा सुटतोय त्यो," पप्पा म्हणाले. "चालू दे."

तुकडा खाली पडला. एल अख्खा होता! मागून टाईल चिकटवायचं केमिकल लावून तिनं तो कोपऱ्यात दाबला. चौकटीच्या दोन्ही अंगाला फट एकसारखी, दोन सुतांची.

मशीनचा आवाज थांबला तशा काकू बाहेर आल्या. मान वर करून बघितलं. टाचा उंचावून फटीत बोट घालायला गेल्या, ते गेलं नाही.

"हे बेस झालं की, गोकुळराव. मगाशी हात का गंडला हुता मग?"

गोकुळनी टॉवेलनं तोंड पुसलं. जरा जास्तच वेळ पुसलं. स्वरूपानं ओठ घट्ट मिटून धरले होते. पप्पा गप्प बसले असते तर हे काम त्यांच्याच नावावर राहिलं असतं. ती बोलली असती तर काकूंनी पप्पांनाच फैलावर घेतलं असतं. गप्प राहणं तिच्या स्वभावातच नव्हतं, पण ती राहिली.

"माझ्या हातनं फुटली ती फुटलीच, वैनी," गोकुळ म्हणाले. "ही स्वरूपानं कापली. तुमी नको म्हणाला हुता, तरी म्या दिली."

काकूंनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "हात दाव गं."

स्वरूपानं चिखलानं माखलेले हात पुढं केले. काकूंनी खरोखर एकेक बोट मोजलं.

"धा हायती," त्या म्हणाल्या. "मग हुबी का ऱ्हायलीस? उजवा कोपरा काय भटजी कापणार हायती?"

स्वरूपानं घोडी उचलून पलीकडं नेली. डाव्या कोपऱ्याचा पुठ्ठा उलटा धरून बघितला, पण कललेल्या चौकटीला उजवीकडं तो कसा बसणार? तो फेकून तिनं खोक्याची दुसरी बाजू फाडली. टाईल एकच उरली होती. नवा पुठ्ठा घेऊन ती घोडीवर चढली.

"पप्पा," ती वरून ओरडली, "पेन्सिल द्या की लवकर!"