सोळा आठवड्यांचं पोहणं

गेल्या वर्षीच्या ट्रायथलॉनमध्ये डॉक्टर एल्पिदियो मागबानुआ समुद्रातून बाहेर आला, तेव्हा किनाऱ्यावरची माणसं नाश्त्याला निघून गेली होती. दीड किलोमीटर पोहायला त्याला बावन्न मिनिटं लागली. शेवटची पंधरा मिनिटं बचावाची होडी त्याच्या शेजारून चालली होती आणि वल्ह्यावरचा माणूस दर दोन मिनिटांनी अदबीनं विचारत होता, "डॉक, चढताय का?" या माणसाची दाढ एल्पिदियोनंच काढली होती. त्यामुळे तो काळजीनं विचारत होता की समाधानानं, ते कळायला मार्ग नव्हता.

एल्पिदियो दुमागेते या समुद्रकाठच्या गावात दातांचा डॉक्टर. वय सेहेचाळीस. पळायला चांगला, सायकलही बरी चालवायचा. पण पाण्यानं त्याला पहिल्यापासून पाण्यात पाहिलं होतं.

नाताळच्या जेवणाला त्याच्या मेहुण्यानं, मोहेननं, त्या होडीचा फोटो सगळ्या नातेवाइकांत फिरवला. मोहेन बोटींच्या इंजिनांचे सुटे भाग विकायचा, रोज पहाटे धावायचा, आणि त्याचा बाप मासेमार होता, हे तो कुणाला विसरू द्यायचा नाही.

"नोङ," तो म्हणाला. थोरल्या माणसाला तिकडे नोङ म्हणतात आणि धाकट्याला दोङ, पण मोहेनच्या तोंडून 'नोङ' हा मान कमी आणि चिमटा जास्त वाटायचा. "नोङ, तुम्ही पोहत होता की होडीला रस्ता विचारत होता?"

सगळे हसले. एल्पिदियोची बायको क्लारिताही हसली. मोहेन तिचा पाठचा भाऊ.

"एवढं सोपं वाटतंय तर पुढच्या वर्षी तू ये, दोङ," एल्पिदियो म्हणाला. "की तुझ्या बापानं मासे किनाऱ्यावरूनच पकडले?"

मोहेननं ग्लास खाली ठेवला. "येतो," तो म्हणाला. "पोहणं आमच्या रक्तात आहे."

सणवार सरले तसा एल्पिदियो कोच आगापितांकडे गेला. शाळेत या बाईंनीच त्याला कवायत शिकवली होती. आता त्या त्रेसष्ट वर्षांच्या होत्या आणि पोहण्याच्या तलावावर ट्रायथलॉनवाल्यांना तयार करायच्या. पायात रबरी चप्पल, खिशात उकडलेल्या शेंगा. दहा वर्षांत त्यांना पाण्यात उतरलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यांनी त्याची परीक्षा घेतली. चारशे मीटर जीव तोडून, मग थोडी विश्रांती, मग दोनशे. एल्पिदियो भिंतीला लटकून धापा टाकायला लागला, तेव्हा त्यांनी शेंग सोलली.

"पहिले पन्नास मीटर तू शार्क होतास, डॉक. पुढचे साडेतीनशे म्हणजे शार्कनं अर्धवट खाऊन टाकलेला माणूस."

"दम कमी पडतोय, कोच."

"दम कमी नाही, घाई जास्त आहे. पाण्यात श्वास धरून ठेवतोस. सोडत जा. पेशंटला काय सांगतोस रे, श्वास धरा म्हणून?"

मग सोळा आठवड्यांचा नेम सुरू झाला. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी साडेपाच. कोच त्या दिवसाचा सराव कागदावर लिहायच्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तलावाच्या ओल्या फरशीला चिकटवायच्या. मंगळवार वेगाचा: पंचवीस मीटरच्या सोळा झेपा, प्रत्येक झेप चोरामागे धावल्यासारखी. गुरुवारी हाताची ठेवण, मग मांड्यांत फोमचा ठोकळा धरून लांबलचक, कंटाळवाणं पोहणं. आणि शनिवारी शंभर मीटर दहा वेळा. दर शंभरानंतर भिंतीला धरून पंधरा सेकंद, सोळावा सेकंद नाही.

"पहिलं शंभर आणि दहावं शंभर एकाच आईची लेकरं दिसली पाहिजेत," कोचचा हुकूम होता.

पहिल्या शनिवारी एल्पिदियोचं पहिलं शंभर एक मिनिट पंचावन्न सेकंदांत झालं आणि दहावं दोन मिनिटं पन्नासमध्ये.

"ही सावत्रसुद्धा नाहीत," कोच म्हणाल्या. "ही शेजारच्या गावातली आहेत."

वेगानं पोहायचं असेल तर आधी सावकाश पोहायला शिकावं लागतं, ही गोष्ट पटायला त्याला पाच आठवडे लागले. सहाव्या आठवड्यापासून मात्र त्याला त्याचं वेडच लागलं. दवाखान्यात ड्रिल चालवताना तो मनात सेकंद मोजायचा. तोंड उघडून बसलेल्या म्हाताऱ्यांना तो सांगायचा, "खांद्यातून वळा." धावणं आधी आठवड्यातून एकदा झालं, मग सुटलंच. सायकल अंगणात उभी होती आणि क्लारिता तिच्यावर त्याचे टॉवेल वाळत घालायची.

"शर्यतीत तीन गोष्टी असतात ना, पिद्यो?" तिनं एकदा विचारलं.

"बाकीच्या दोन येतात मला."

"येत होत्या," ती म्हणाली आणि टॉवेल झटकला.

पंधराव्या शनिवारी त्याची दहाही शंभरं दोन मिनिटं चार ते दोन मिनिटं सहा सेकंदांच्या आत आली. कोचनी घड्याळ दोनदा पाहिलं. मग म्हणाल्या, "हं." शाळेच्या काळापासून त्या बाईंच्या तोंडून असं कौतुकाचं 'हं' ऐकलेला माणूस गावात एल्पिदियो एकटाच असावा. त्या दिवशी त्यानं भातावर भात वाढून घेतला.

मोहेन या सगळ्या दिवसांत तलावाकडे फिरकला नाही. विचारलं की म्हणायचा, "मी समुद्रात करतो सराव. तलावात काय, लहान मुलं मुततात."

शर्यतीच्या दिवशी सकाळी साडेपाचला तीनशे माणसं टोप्या घालून वाळूवर उभी होती. एल्पिदियो त्या गर्दीत इतका शांत होता, की त्याचं त्यालाच नवल वाटलं. समोर केशरी रंगाचे चार मोठे फुगे पाण्यावर डोलत होते. त्यांना वळसा घालून यायचं. बत्तीस मिनिटं. फार तर तेहेतीस.

तेवढ्यात समुद्राच्या टोकाला वीज चमकली. मग गडगडलं. मग पुन्हा चमकली.

दहा मिनिटांनी भोंग्यावर घोषणा झाली. विजेमुळे पोहणं रद्द. रस्ता अकरापर्यंतच मोकळा मिळालाय, म्हणून थांबता येणार नाही. पोहण्याऐवजी सर्वांनी पाच किलोमीटर पळायचं, मग सायकल, मग पुन्हा दहा किलोमीटर पळायचं.

तीनशे माणसांनी एवढा जल्लोष केला की पुढचा गडगडाट ऐकूच आला नाही. कुणी देवाचे आभार मानले, कुणी एकमेकांना मिठ्या मारल्या. गेल्या वर्षी असं झालं असतं तर एल्पिदियोनं त्या भोंग्याचंच चुंबन घेतलं असतं. आज तो एकटा गर्दी कापत आयोजकांच्या टेबलाकडे गेला.

"अर्धा तास थांबा. ढग चाललाय."

"सर, नियम आहे."

"मी सोळा आठवडे..." तो म्हणाला आणि थांबला. टेबलामागची मुलगी त्याच्याकडे इतक्या सहानुभूतीनं पाहत होती, की पुढचं वाक्य बोलणं शोभलं नसतं.

धावायला सुरुवात होऊन तीन किलोमीटर झाले नाहीत, तो ऊन पडलं. रस्ता समुद्राच्या कडेकडेनं जात होता आणि समुद्र तव्यावर तेल पसरावं तसा गुळगुळीत झाला होता. एल्पिदियोच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. सायकलवर त्याला शाळामास्तरांची एक अख्खी टोळी मागे टाकून गेली. शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये तो तीनदा चालला. शेवटून अकरावा आला.

मोहेन आपल्या वयोगटात तिसरा आला. त्याला करंडक मिळाला. करंडकावर पाण्यात झेप घेणारा सोनेरी माणूस होता.

एल्पिदियो पाय पसरून वाळूत बसला होता, तिथे मोहेन करंडक घेऊन आला. आता टोमणे सुरू होणार, असं वाटून एल्पिदियोनं मान खाली घातली. पण मोहेन त्या सोनेरी माणसाचं नाक अंगठ्यानं घासत राहिला.

"नोङ, मला पोहता येत नाही."

"कमी येतं म्हणजे?"

"येत नाही म्हणजे येत नाही. कमरेच्या वर पाणी आलं की हातपाय गळतात माझे."

"आणि तुझे वडील?"

"त्यांनाही येत नव्हतं. त्यांच्या होडीवर कुणालाच येत नव्हतं."

"मग नाव कशाला दिलंस?"

"सगळ्यांसमोर बापावरून बोललात तुम्ही." मोहेननं त्याच्याकडे पाहिलं नाही. "गेले तीन दिवस झोपलो नाही. गडगडलं तेव्हा मी संडासात होतो. तिथेच गुडघ्यांवर बसलो आणि रडलो."

एल्पिदियोनं या दिवसासाठी नाताळपासून टोमणे जमवून ठेवले होते. एकाहून एक धारदार. त्यातला एकही त्याच्या तोंडून निघाला नाही. वल्ह्यावरच्या माणसाचा तो अदबशीर आवाज मात्र त्याला आठवला, आणि आपण नाताळात काय बोललो तेही.

"पाण्यात उतरला असतास?" त्यानं विचारलं.

"उतरलो असतो."

"बुडाला असतास, गाढवा."

"हो," मोहेन म्हणाला.

एल्पिदियो उठला. पोटऱ्या ठणकत होत्या. "इथेच बस," तो म्हणाला, पोहायचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पाण्यात शिरला.

पाणी कोमट होतं. पहिला फुगा आला, तो वळला. दुसरा आला, वळला. घाई कुठेच नव्हती. एक हात, दुसरा हात, श्वास सोडत, खांद्यातून वळत. तिसऱ्या फुग्यापाशी एक होडी उभी होती आणि दोन माणसं फुगा काढून न्यायला त्याच्या नांगराचा दोर ओढत होती.

"शर्यत संपली, सर!"

"माहीत आहे!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्यांनी दोर पुन्हा सोडला आणि तो वळसा घालून जाईपर्यंत फुगा हातानं धरून ठेवला. चौथ्यापाशीही ती होडी आधीच जाऊन थांबली होती.

तो बाहेर आला तेव्हा किती मिनिटं झाली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कोच झाडाखाली भाजलेलं डुक्कर आणि भात खात होत्या. मोहेन मात्र गुडघाभर पाण्यात उभा होता. करंडक वाळूत आडवा पडला होता.

"भीती वाटत होती मला," मोहेन चिडून म्हणाला. "तिकडे दिसेनासे झालात."

मंगळवारी साडेपाचला दोघं तलावावर आले. मोहेनच्या डोळ्यांवर नवा कोरा चष्मा होता. त्याच्यावरची किमतीची चिठ्ठीही काढायची राहिली होती. कोचनी त्याला उथळ बाजूला उभं केलं आणि तोंड पाण्यात घालून पन्नास वेळा बुडबुडे काढायला सांगितलं. शेजारच्या रांगेत सात वर्षांच्या मुलींचा वर्ग होता. त्या मोठ्यानं मोजायला लागल्या.

एल्पिदियोनं फरशीवरचा आपला कागद पाहिला. त्यावर पाण्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

"कोच, काहीतरी चुकलंय. इथे नुसतं धावणं लिहिलंय."

"पाण्यात काय काम आहे तुझं?" कोचनी शेंग सोलली. "बाजूच्या मैदानाला पंधरा फेऱ्या. सगळ्या सारख्या आल्या पाहिजेत. बूट आणलेस का?"

त्यानं आणले नव्हते. क्लारिताला फोन करून ते मागवून घेतले. ती ते घेऊन आली, तेव्हा कुंपणापलीकडून मुलींचा आवाज येत होता. त्या एकतिसावर पोचल्या होत्या आणि मोहेन खोकत होता.