शंभराला शंभरच म्हणणारा

मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे, आणि मित्रांनो, मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही. आयुष्यभर मी एकाच गोष्टीची मिजास केली: मी चुकत नाही. माणसे चुकतात, पुस्तकांत छपाईच्या चुका निघतात, वर्गातले घड्याळ मागे पडते. मी मात्र नाही! आणि एका दुपारी भरल्या वर्गात माझ्याच पडद्यावर असा आकडा उमटला की पहिल्या बाकावरच्या मुलीने तोंडावर हात ठेवला.

मी बेरीज-वजाबाकीपुरता कॅल्क्युलेटर नाही. विद्यापीठात बिझनेस फायनान्सच्या पहिल्या वर्षाला जो विषय शिकवतात, त्यासाठी मला मुद्दाम बनवले आहे. पाच वर्षांनी मिळणाऱ्या पैशाची आज काय किंमत, हे मी एका दमात सांगतो. कारखान्यात माझ्या शेकडो भावंडांबरोबर माझी परीक्षा झाली होती. आम्ही सगळे पहिल्या फटक्यात पास झालो होतो.

मला विकत घेतले ते या विषयाच्या सरांनी. अकरा वर्षे मी त्यांच्या कोटाच्या खिशात राहिलो. सर फळ्यावर आकडेमोड करत आणि शेवटी मला पुढे धरून म्हणत, "बघू, आमचे आजोबा काय म्हणतात." मी बोलेन तो शेवटचा शब्द. तेव्हापासून माझे नाव आजोबाच पडले आणि मी उगाचच थोडा फुगलो.

एके दिवशी सर वर्गात दुकानाच्या भाड्याचे उदाहरण सोडवत होते. भाडे आगाऊ, म्हणजे मुदतीच्या सुरुवातीला द्यायचे असते. कमाई बहुतेक वेळा मुदतीच्या शेवटी हाती येते. त्यासाठी माझ्यात दोन तऱ्हा आहेत, सुरुवात आणि शेवट. सरांनी दोन बटणे दाबून मला 'सुरुवात' या तऱ्हेवर ठेवले. तसे ठेवले की पडद्याच्या कोपऱ्यात तीन बारीक अक्षरे उमटतात, म्हणजे पुढच्या माणसाला कळावे. उदाहरण संपले, सर वळले आणि त्यांच्या कोपराचा धक्का लागून मी जमिनीवर आपटलो. आकडे नीट दिसत होते. फक्त पडद्याच्या त्या कोपऱ्यात शाईसारखा काळा डाग पसरला. ती तीन अक्षरे नेमकी त्याच डागाखाली गेली.

सरांनी दुसऱ्या दिवशी नवा कॅल्क्युलेटर आणला. मला त्यांनी विभागाच्या एका ड्रॉवरमध्ये टाकले. ज्या मुलांना कॅल्क्युलेटर परवडत नाही, त्यांनी वहीत सही करून तिथून न्यायचा, अशी रीत होती. पण डाग पडलेल्याला कोण विचारतो? दोन वर्षे मी तिथे वाळलेल्या पेनांच्या शेजारी पडून राहिलो, 'सुरुवात' या तऱ्हेवर तसाच.

मग मैदा आली. हे तिचे खरे नाव नव्हे. तिच्या वडिलांची बेकरी होती. सकाळी पाव पोहोचवून ती थेट वर्गात येई, म्हणून तिच्या बाहीवर नेहमी पांढरे काहीतरी असे आणि मुले तिला मैदा म्हणत. तिने माझ्यावर फुंकर मारली, मला ओढणीने पुसले आणि वहीत सही केली. दोन वर्षांनी कुणीतरी मला हातात धरले होते. मला भरून आले.

मैदा हुशार होती. शेजारच्या मुलीला 'आजची किंमत' समजेना, तेव्हा ती म्हणाली, "अगं, सोपं आहे. उद्या मिळणारा पाव आजची भूक भागवतो का? म्हणून तो स्वस्त धरायचा." फक्त तिला एक खोड लागली. ती रीत लिहिण्याचा कंटाळा करू लागली. सर ओरडायचे, "पायऱ्या लिहा!" ती माझ्याकडे बोट दाखवून हसायची, "सर, हा कधी चुकत नाही." आणि मी? मी सुखावत होतो.

याच सुमारास बेकरीची भट्टी कुरकुरू लागली. नवी विजेची भट्टी पाच लाखांना मिळत होती. ती घेतली तर वर्षाला एक लाख तीस हजार वाचतील, पाच वर्षे, असा वडिलांचा अंदाज होता. पैसे म्हणजे आईच्या नावावरची ठेव, घरातली शेवटची. ती बुडाली तर मैदाची पुढच्या वर्षाची फीसुद्धा नाही.

वडील पिठाचे हात झटकत म्हणाले, "आम्ही अंदाजानं चालणारी माणसं. तू शिकतेस ना हे? मग तूच सांग, घ्यायची की नाही."

आई म्हणाली, "तिच्यावर कशाला घालताय ओझं? पोर आहे अजून."

"पोर कसली? घरातली पहिली शिकलेली आहे ती."

मैदाने बारा टक्के दर धरला आणि बटणे दाबली. मी सांगितले, पाच वर्षांच्या बचतीची आजची किंमत पाच लाख पंचवीस हजार, थोडे कमीच. म्हणजे पाच लाखांची भट्टी फायद्याची. मैदाने दोनदा करून पाहिले. दोन्ही वेळा मी तेच म्हणालो, छाती काढून.

"घ्या बाबा," ती म्हणाली.

वडिलांनी गुरुवारी दुपारी पैसे भरायचे ठरवले. सोमवारी मैदाची चाचणी झाली. चार उदाहरणे, चारही तिने माझ्या भरवशावर सोडवली. त्याच गुरुवारी दुपारी सरांनी पेपर वाटले. मैदाला वीसपैकी शून्य मिळाले होते.

तिच्या डोळ्यांत पाणी आले. पण सर रागावले नाहीत. ते तिच्या बाकाशी येऊन उभे राहिले, गोंधळलेले.

"मला हे कळेना झालंय," सर म्हणाले. "तुझी चारही उत्तरं बरोबर एका वर्षाच्या व्याजानं जास्त आहेत. माणूस चार वेळा चार तऱ्हांनी चुकतो. इतक्या शिस्तीत कुणी चुकत नाही. कॅल्क्युलेटर बघू तुझा."

तिने मला पुढे केले. डाग पाहताच सरांचा चेहरा उतरला. "अरे, हा तर माझाच."

ते वर्गाकडे वळले. "एक वर्षानं शंभर मिळणार. दर दहा टक्के. आज त्याची किंमत किती?"

"नव्वद आणि वर थोडे," मुले म्हणाली.

सरांनी ते शंभर वर्षाचा हप्ता म्हणून घातले आणि मला उंच धरले. माझ्या पडद्यावर ठळक आकडा होता, शंभर.

पहिल्या बाकावरच्या मुलीने तोंडावर हात ठेवला. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात ना, ती म्हैस मी होतो! सर खुर्चीवर बसले. "भाड्याचं उदाहरण," ते पुटपुटले. "मी याला परत शेवटावर आणलंच नाही. बाजारात तुरी, तशी गत. वर्ष संपल्यावर मिळणारे पैसे हा वर्ष सुरू होतानाच हातात आले असं धरतोय. चूक माझी आहे, पोरी."

पण मैदा ऐकत नव्हती. तिने सरांच्या हातातून मला घेतले, तऱ्हा बदलून घेतली आणि भट्टीचे आकडे पुन्हा घातले. चार लाख एकोणसत्तर हजारसुद्धा पुरते भरेनात. पाच लाख देऊन एवढेच हाती येणार! मला वाटले, मी आताच फुटून जावे. तिने फोन लावला.

"बाबा, पैसे दिलेत?"

"भट्टीवाल्याच्या दुकानातच आहे. चेक लिहिलाय, सही राहिलीय. म्हटलं, तुझा निकाल ऐकावा आणि मगच सही करावी. सांग, किती पडले?"

"शून्य. बाबा, मी नापास झाले. भट्टीचं गणितही चुकलंय. सही करू नका!"

पलीकडून कागद फाडल्याचा आवाज आला.

"बरं झालं, बाई," वडील म्हणाले. ते हसत होते. "आजवर कुणाचं नापास होणं एवढं स्वस्त पडलं नसेल."

सरांनी तिला गुण वाढवून दिले नाहीत, कारण पेपरात एकही पायरी लिहिलेली नव्हती. फेरपरीक्षा मात्र दिली. मैदाने ती आधी हाताने सोडवली, मग मला विचारले. वीसपैकी सोळा. भट्टीच्या दुकानदाराला तिने साडेचार लाखांचा आकडा सांगून ठेवला आहे. तो अजून विचार करतो आहे.

मी पुन्हा ड्रॉवरमध्येच आहे. डागही तसाच आहे. पण मित्रांनो, त्या वहीत सहीच्या शेजारी मैदाने 'तऱ्हा: सुरुवात की शेवट?' असा एक नवा रकाना आखला आहे, आणि तो भरल्याशिवाय मला कुणी नेत नाही. यंत्राला नुसते पुसून सांभाळता येत नाही. आधीच्या हाताने त्याला कसे ठेवले आहे, तेही पाहावे लागते. मी स्वतःहून ते सांगू शकत नाही. मैदाच्या घरातही मी ते सांगितले नाही.

म्हणून मला उचललेत, की आधी वर्षानंतरचे शंभर विचारा. मी शंभरच म्हणालो, तर माझ्यावर विश्वास ठेवू नका.